दोन जिवांची बाई आणि औषधाची गोळी

बाई गरोदर राहिली की घरात आनंद होतो. जो तो तिला जपू लागतो. सासूबाई डिंकाचा लाडू देतात. शेजारीण काढा सांगते. नवरा तालुक्याहून शक्तीच्या औषधाची बाटली आणतो. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण नुसत्या चांगल्या हेतूने भागत नाही. कोणती वस्तू पोटात जावी आणि कोणती जाऊ नये, हेही कळले पाहिजे.

या बाबतीत आपल्याकडे दोन चुका होतात. पहिली चूक अशी, की घ्यायची गोळी फडताळात पडून राहते. दुसरी चूक अशी, की घ्यायची नसलेली गोळी न विचारता पोटात जाते. पहिल्या चुकीने आईचे रक्त कमी पडते. दुसरीने बाळाला इजा होऊ शकते. या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठीच हा धडा आहे. तो बायांनी तर वाचावाच, पण पुरुषांनीही वाचावा. कारण दुकानातून गोळी आणायला बहुधा पुरुषच जातो.

आईने खाल्ले ते बाळाला पोचते

पोटातल्या बाळाला तोंडाने खाता येत नाही. त्याला लागेल ते सारे आईच्या रक्तातून मिळते. गर्भाशयाच्या आत वार असते. वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंत नाळ असते. आईच्या रक्तातले अन्न वारेत येते आणि नाळेतून बाळाकडे जाते. आईने भाकरी खाल्ली, दूध प्यायले, पालेभाजी खाल्ली, त्याचा अंश याच वाटेने बाळाला मिळतो.

पण ही वाट फक्त अन्नाची नाही. आईने गिळलेल्या पुष्कळशा औषधांचा अंशही याच वाटेने जातो. आईचे वजन पन्नास किलो. बाळ सुरुवातीला हरभऱ्याच्या दाण्याएवढे. जी गोळी आईला सोसते ती एवढ्याशा जिवाला सोसेलच असे नाही.

त्यातही पहिले तीन महिने फार नाजूक. या काळात बाळाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, हात-पाय हे सारे घडत असते. आपण घर बांधतो तेव्हा पाया आधी घालतो. पायाची दोरी वाकडी धरली तर भिंत वाकडी येते. तसेच हे. आणि गंमत अशी, की या सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळदा बाईला स्वतःलाच ठाऊक नसते, की आपल्याला दिवस राहिले आहेत. म्हणून पाळी चुकली असेल, तर कोणतेही औषध घेण्याआधी बाईने एवढे सांगावे : "मला दिवस राहिले असतील." लाजू नये. या एका वाक्याने मोठे संकट टळते.

जगाला धडा देणारी एक हकिकत

पूर्वी पुष्कळ डॉक्टरांनाही वाटे, की वार ही बाळाची राखण करते आणि वाईट वस्तू पलीकडे जाऊ देत नाही. हा समज किती चुकीचा होता, ते एका खऱ्या हकिकतीवरून कळते. ही हकिकत युरोपातील आहे.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध विक्रीला आले. ते झोप यावी म्हणून देत. पुढे गरोदर बायांची मळमळ थांबावी म्हणूनही देऊ लागले. ते अगदी निर्धोक आहे, अशी जाहिरात झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते दुकानात मिळे. इतर पुष्कळ देशांतही ते खपू लागले.

थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या नजरेला एक भयंकर गोष्ट आली. हात नसलेली, पाय नसलेली, खांद्यालाच पंजा फुटलेली मुले जन्माला येऊ लागली. जर्मनीतील डॉक्टर लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मॅकब्राइड यांनी १९६१ साली याचा संबंध या गोळीशी जोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत हे औषध बाजारातून काढून घेतले. तोवर जगात सुमारे दहा हजार किंवा त्याहून अधिक मुलांना इजा झाली होती. कित्येक मुले जन्मताच दगावली.

अमेरिकेत मात्र हे औषध विकायला परवानगी मिळाली नाही. तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई होत्या. त्यांनी कंपनीला पुन्हा पुन्हा विचारले : "हे सुरक्षित आहे याचा पुरावा कुठे आहे?" पुरेसा पुरावा मिळाला नाही, म्हणून त्यांनी परवानगी अडवून धरली. एका बाईने नेटाने प्रश्न विचारला आणि असंख्य मुले वाचली.

यातून आपण काय शिकायचे? 'दुकानात सहज मिळते' म्हणजे 'बाळाला चालते' असे नव्हे. आणि विचारण्यात कमीपणा नाही.

आता मुंबईची हकिकत

वरची हकिकत वाचून कोणी म्हणेल, "मग गरोदरपणी कोणतीच गोळी नको." तर तेही चूक आहे. त्यासाठी दुसरी हकिकत सांगतो. ही आपल्या मुंबईची आहे.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. कापडगिरणीत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. रक्त कमी होऊन कित्येक दगावत. असे का होते, याचा शोध लुसीबाईंनी घेतला. त्यांनी या बायांचे खाणे तपासले. गरिबीमुळे त्यांच्या जेवणात काहीतरी उणे आहे, असे त्यांना दिसले. पुढे त्यांनी यीस्टपासून केलेला, बाजारात मिळणारा एक स्वस्त अर्क या बायांना दिला. बाया सुधारल्या. हा शोध त्यांनी १९३१ साली छापून प्रसिद्ध केला. त्या अर्कातली गुणकारी वस्तू पुढे पालकाच्या पानांतूनही वेगळी काढता आली. तिलाच आज आपण फॉलिक ॲसिड म्हणतो.

या फॉलिक ॲसिडचा आणखी एक गुण पुढे कळला. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून होतो, ती नळी नीट मिटायला हे लागते. ती मिटली नाही तर बाळ अपंग होते किंवा जगत नाही. ज्या बायांना आधी असे मूल झाले होते, त्यांची पाहणी करून १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दाखवून दिले, की फॉलिक ॲसिड घेतल्याने हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो.

ही नळी फार लवकर मिटते. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोच तिचे काम संपते. म्हणून मूल हवे असे ठरवले, की दिवस राहण्याआधीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. आशाताईंना विचारावे. ज्या बाईला आधी असे व्यंग असलेले मूल झाले आहे, तिला अधिक मात्रा लागते. ती मात्र डॉक्टरनेच ठरवायची.

तर मंडळी, एक गोळी बाळाचा घात करते आणि दुसरी गोळी बाळाला वाचवते. दोन्ही दिसायला सारख्याच. फरक कळण्यासाठीच ज्ञान हवे.

या गोळ्या सोडू नका

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला पुढील गोळ्या फुकट मिळतात.

१. फॉलिक ॲसिड. पहिले तीन महिने रोज एक.

२. लोहाची लाल गोळी. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. रक्त फार कमी असेल तर डॉक्टर अधिक देतात.

३. चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोळी. चौथ्या महिन्यापासून रोज दोन. एक सकाळच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या.

४. जंताची गोळी. चौथा ते सहावा महिना या काळात एकदाच. ती नर्सबाई देतील तेव्हाच घ्यावी. पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात सरकारी पाहणी झाली. तीत शंभर गरोदर बायांपैकी ५२ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. आणि तरी गोळ्या फडताळात पडून राहतात. का पडून राहतात, ते पुढच्या संवादात पाहा.

(उपकेंद्राच्या ओट्यावर नर्सबाई बसल्या आहेत. सासू-सुना आल्या आहेत.)

सूनबाई : सिस्टर, मी लाल गोळी सोडून दिली. शी काळी व्हायला लागली. मला भ्या वाटलं.

नर्सबाई : काळी होणारच, बाई. गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही. उरलेलं बाहेर पडतं, त्याचा तो रंग. त्यात भिण्यासारखं काही नाही.

सासूबाई : पण बाई, ह्या गोळ्यांनी पोर पोटात फार मोठं होतं म्हणत्यात. मग बाळंतपण अडतं.

नर्सबाई : मावशी, ही गोळी रक्त वाढवते. बाळंतपण अडायची कारणं निराळी असतात. उलट अंगात रक्तच नसलं, तर बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी बाईचा जीव धोक्यात येतो. घरात धान्याची कणगी रिकामी असली तर एका दुष्काळात काय होतं? तसंच हे.

सासूबाई : खरं हाय ते.

सूनबाई : पण मला मळमळतं.

नर्सबाई : मग उपाशीपोटी घेऊ नको. रात्री जेवल्यावर दोन तासांनी, निजायच्या वेळी घे. लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते.

सूनबाई : चहाबरोबर चालेल का?

नर्सबाई : नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. आणि लाल गोळी न् चुन्याची गोळी एकदम घेऊ नको. दोघींत दोन तासांचं अंतर ठेव. एकदम घेतल्या तर चुना लोहाची वाट अडवतो.

सासूबाई : म्हणजे दोन जावांवाणी. एका चुलीवर नको, निरनिराळ्या वेळी बऱ्या.

नर्सबाई : (हसून) अगदी तसंच, मावशी!

या वस्तू न विचारता घेऊ नका

आता दुसऱ्या चुकीकडे वळू.

दुखण्याच्या गोळ्या. कंबर दुखते, डोके दुखते, म्हणून कोणी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड अशा गोळ्या घेते. शेतात राबणाऱ्या घरी या गोळ्या नेहमीच्या असतात. गरोदर बाईने त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. पाचव्या महिन्यानंतर तर अधिकच जपावे. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन पोटातले पाणी कमी होऊ शकते. सातव्या महिन्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. ॲस्पिरिनही मनाने घेऊ नये. मात्र काही बायांना रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टर लहान मात्रेत ॲस्पिरिन देतात. ती दिली असेल तर सोडू नये.

उरलेल्या गोळ्या. मागल्या वर्षी नवऱ्याला ताप आला होता. त्यातल्या चार गोळ्या डब्यात उरल्या. त्या सुनेला द्यायच्या, ही खोड सोडा. त्यात टेट्रासायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर बाळाचे दात पिवळे-तपकिरी होऊ शकतात. एकाचे औषध दुसऱ्याला लागू नसते.

सर्दी-खोकल्याची मिश्र गोळी. एका गोळीत तीन-तीन, चार-चार औषधे असतात. कोणते चालते, कोणते चालत नाही, हे आपल्याला कळत नाही. म्हणून ती नको.

एरंडेल. पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल देण्याची जुनी रीत आहे. एरंडेलाने आतडी ढवळतात आणि गर्भाशयालाही कळा येऊ शकतात. गरोदरपणी ते घेऊ नये.

भस्म आणि काढे. 'झाडपाल्याचे आहे, मग बाधेल कशाला?' असे आपण म्हणतो. धोत्राही झाडपालाच आहे. धोत्र्याचे बी कोणी खाते का? काही भस्मांत आणि मात्रांत शिसे आणि पारा आढळले आहेत. शिसे वारेतून बाळापर्यंत जाते. वैदूकडचे, जत्रेतले, पुडी बांधून दिलेले औषध गरोदर बाईला देऊ नये. वैद्य शिकलेला असेल तरी त्यालाही गरोदरपण सांगावे. आणि तो काय देतो, ते नर्सबाईंना दाखवावे.

'मुलगा होण्याचे औषध'. हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच घटकेला ठरते, आणि ते बापाच्या बीजावरून ठरते. दीड-दोन महिन्यांनी पुडी खाऊन ते बदलत नाही. हरियाणात अशी औषधे घेणाऱ्या बायांची पाहणी झाली. व्यंग असलेली आणि मृत जन्मलेली मुले त्यांच्यात अधिक आढळली. पैसा गेला, मूलही गेले, अशी गत होते. मुलीच्या नावाने नाक मुरडणारे घरच आधी सुधारले पाहिजे. लिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने बंदीही आहे.

गर्भ पाडण्याच्या गोळ्या. काहीजणी भीतीपोटी किंवा लाजेपोटी या गोळ्या दुकानातून गुपचूप आणतात. गर्भ गर्भाशयात नसून नळीत असेल, किंवा महिने अधिक झाले असतील, तर रक्तस्रावाने बाईचा प्राण जाऊ शकतो. कायद्याच्या अटींत बसत असेल तर गर्भपात दवाखान्यात डॉक्टरच्या हातून करता येतो. १९७१ पासून तसा कायदा आहे. मग चोरून जीव धोक्यात का घालावा?

मशेरी. दात दुखतात, पोट साफ होत नाही, म्हणून बाया मशेरी लावतात. मशेरी औषध नव्हे, ती तंबाखूच. तिने बाळाचे वजन कमी भरते.

शक्तीचे औषध : अति तिथे माती

टॉनिक जितके जास्त तितके बाळ गुटगुटीत, हा समज खोटा आहे. जीवनसत्त्वेही मापात हवीत. 'अ' जीवनसत्त्वाचेच पाहा. ते योग्य प्रमाणात आवश्यक आहे. पण गोळीच्या रूपाने फार झाले तर पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकते. अंगणवाडीत लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे औषध चमच्याने पाजतात. ते मुलांसाठी आहे. गरोदर आईने उरले म्हणून पिऊ नये. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला यांची भीती नको. ते पोटभर खावे.

तोंडावरच्या मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात. ती 'अ' जीवनसत्त्वाच्याच जातीची, आणि गर्भाला अतिशय घातक. मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल तर ती मुळीच घेऊ नये.

आणखी एक घोटाळा होतो. सरकारी लाल गोळी चालू असते. त्यातच खाजगी डॉक्टर दुसरी लोहाची गोळी देतात. घरात टॉनिकची बाटली असते, तिच्यातही लोह. तिन्ही चालू राहतात आणि पोट बिघडते. मग बाई सगळेच सोडून देते. तसे करू नये. सगळी पाकिटे पिशवीत घालून दवाखान्यात न्यावीत. "यातले कोणते घेऊ?" असे विचारावे.

चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका

काही बायांना आधीपासून औषध चालू असते. कोणाला फीट येते, कोणाला दमा आहे. कोणाला थायरॉइड, साखर, रक्तदाब किंवा क्षय आहे. दिवस राहिले म्हणून औषध एकदम बंद करणे फार धोक्याचे आहे. फीटचे औषध बंद केले आणि पाणवठ्यावर फीट आली, तर आई आणि बाळ दोघेही जातील.

पण सगळी औषधे गरोदरपणी चालतात असेही नाही. फीटवरचे सोडियम व्हॅल्प्रोएट बाळाला बाधू शकते. म्हणून मूल व्हावे असे मनात आले, की आधीच डॉक्टरकडे जावे. गरज असेल तर ते औषध बदलून देतील. दिवस राहिलेच असतील तर लगेच जावे. तोवर औषध चालू ठेवावे.

मग साध्या दुखण्याला काय करावे?

मळमळ : उठल्याबरोबर कोरडी भाकरी किंवा चुरमुरे खावेत. थोडे थोडे, पुष्कळदा खावे. आल्याचा लहान तुकडा चघळावा. पाणीसुद्धा टिकत नसेल तर दवाखान्यात जावे.

जळजळ : तिखट-तेलकट कमी करावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. खाण्याचा सोडा पुन्हा पुन्हा घेऊ नये.

पोट साफ न होणे : पाणी, पालेभाजी, फळे वाढवावीत. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर चालते.

सर्दी : वाफ घ्यावी. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात.

कंबरदुखी : जड हंडा उचलू नये. गरम फडक्याने कंबर शेकावी, पोट शेकू नये. कुशीवर निजावे.

जुलाब : जलसंजीवनी प्यावी. जुलाब एका दिवसात थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा.

ताप : कपाळावर ओले फडके ठेवावे. पॅरासिटामॉल हे औषध गरोदरपणी त्यातल्या त्यात बरे मानतात. पण तेही नर्सबाईंना विचारून, सांगितले तेवढेच, थोडेच दिवस घ्यावे. ताप हिवतापाचा किंवा डेंग्यूचाही असू शकतो. म्हणून गोळीने ताप उतरला तरी रक्त तपासून घ्यावे.

पाकीट वाचायला शिका

आता आपल्याला वाचता येते. ही विद्या औषधाच्या पाकिटावर वापरू या. पाकिटावरची अक्षरे पुष्कळदा इंग्रजीत असतात. बिचकू नका. तीन गोष्टी पाहायला शिका.

पहिली, लाल उभी रेघ. पाकिटाच्या मागच्या बाजूला अशी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. पण रेघ नाही, म्हणजे गरोदर बाईला चालते, असे समजू नका.

दुसरी, तारीख. ई, एक्स, पी अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्यापुढे महिना आणि साल असते. तो महिना उलटून गेला असेल तर औषध फेकून द्या.

तिसरी, औषधाचे खरे नाव. मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. बारीक अक्षरांत आत काय आहे ते असते. महत्त्वाचे ते बारीकच. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. पाकीट कापताना नाव आणि तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा.

आता दुकानातला संवाद वाचा.

नवरा : शेठ, घरच्यांची कंबर दुखतेय. गोळी द्या.

दुकानदार : ही घ्या. सगळे हीच नेतात.

नवरा : थांबा. त्या गरोदर आहेत. सहावा महिना आहे. ह्या गोळीत काय आहे?

दुकानदार : असं होय! मग ही नको. डॉक्टरांची चिठ्ठी आणा.

पाहिलेत? एक वाक्य बोलले आणि गोळी परत फडताळात गेली. दुकानदारही माणूसच आहे. त्याला सांगितल्याशिवाय त्याला कसे कळणार?

वाट पाहू नका

अंगावरून रक्त जाणे, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, झटके, जोराचा ताप, पोटात सतत कळा, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही झाले तर घरी औषध करत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी. चुकून एखादी नको ती गोळी घेतली गेली असेल, तर घाबरू नये आणि लपवूही नये. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जावे. पुष्कळदा एखाद्या गोळीने काही बिघडलेले नसते. पण ते डॉक्टरला ठरवू द्यावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते. त्या दिवशी माता-बाल कार्ड आणि घरातली सारी औषधे बरोबर न्यावीत.

लक्षात ठेवा

दिलेली गोळी सोडू नका.
न दिलेली गोळी घेऊ नका.
चालू औषध मनाने बंद करू नका.
"मी गरोदर आहे," हे आधी सांगा.
पाकीट वाचा, विचारा, मगच गिळा.

प्रश्न

१. बाळाला अन्न कोणत्या वाटेने मिळते?
२. थॅलिडोमाइडच्या हकिकतीवरून आपण काय शिकलो?
३. लाल गोळी चहाबरोबर का घेऊ नये?
४. लाल गोळी आणि चुन्याची गोळी यांत किती तासांचे अंतर ठेवावे?
५. मुलगा की मुलगी हे कोणाच्या बीजावरून ठरते?
६. पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ काय?

करून पाहा

आपल्या घरातला औषधाचा डबा खाली काढा. एकेक पाकीट पाहा. तारीख उलटलेली औषधे बाजूला काढा. उरलेल्यांची नावे वहीत लिहा. कोणते औषध कोणाचे, तेही पुढे लिहा. घरात किंवा शेजारी कोणी गरोदर असेल तर हा धडा तिला वाचून दाखवा. तिच्या सासूबाईंनाही बोलवा.